तवांगच्या वाटेवर : ओली थंडी आणि जवानाचे हातमोजे

बौद्ध कुटुंबे यात्रेला निघाली की बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी ही नावे ओघाने येतात. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमी तर आपल्या घरचीच. पण भारताच्या ईशान्य टोकाला, अरुणाचल प्रदेशात, तवांग नावाचे एक बौद्ध गाव आहे. तिथे यात्रेला जाणारी आपली माणसे थोडी. आपली मुले मात्र तिथे जातात. कोणी पलटणीत, कोणी भारत-तिबेट सीमा पोलिसांत, कोणी सशस्त्र सीमा बलात. ती जातात खांद्यावर रायफल घेऊन.

अशा मुलाचा फोन आला की आई विचारते, "बाळा, चिवडा-लाडू पाठवू का?" आणि पोरगा म्हणतो, "आई, लाडू राहू दे, चांगले हातमोजे पाठव." सरकारकडून हातमोजे मिळतात, हे खरे. पण ड्यूटीवर एक जोड भिजला की दुसरा कोरडा हाताशी लागतो. मग वडील बाजारात जातात आणि दिसायला जाड, आतून मऊ असा जोड घेऊन येतात. तो जोड मोटारसायकलवर शोभतो. पण पावसात, धुक्यात, विरघळत्या बर्फात रायफल चालवायला तो उपयोगी पडेलच असे नाही. कष्टाचा पैसा जातो आणि पोराची बोटे गारच राहतात.

मार्चच्या सुरुवातीला आम्ही काही उपासक-उपासिका तवांगला जाऊन आलो. आमच्याबरोबर एक निवृत्त हवालदार होते. त्यांनी ऐन उमेदीत अरुणाचलात दोन हिवाळे काढले होते. सगळे त्यांना हवालदारमामा म्हणत. त्या वाटेवर जे पाहिले आणि मामांकडून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

वाट आणि हवा

महाराष्ट्रातून रेल्वेने गुवाहाटी गाठायची. तिथून मोटारीने ब्रह्मपुत्रा ओलांडून तेजपूर आणि पुढे भालुकपाँग. इथे आसाम संपतो आणि अरुणाचल सुरू होतो. आत शिरायला आपल्याला इनर लाइन परमिट लागते. ही पद्धत १८७३ सालच्या इंग्रजी कायद्यापासून चालत आलेली आहे. परमिट आधीच काढून ठेवावे, नाक्यावर खोळंबा होत नाही.

भालुकपाँगपासून चढण लागते. बोमडिला सुमारे ८,००० फूट. मग रस्ता दिरांगच्या खोऱ्यात ५,००० फुटांपर्यंत उतरतो आणि पुन्हा चढत चढत सेला खिंडीला १३,७०० फुटांवर नेतो. खिंडीपलीकडे उतरून जांग आणि शेवटी १०,००० फुटांवर तवांग. ९ मार्च २०२४ रोजी सेला बोगदा सुरू झाला. त्यामुळे आता बर्फात खिंड अडली तरी वाहतूक चालू राहू शकते. तरीही खिंडीवरचे तळे पाहायला लोक वर जातातच. आम्हीही गेलो.

उंचीप्रमाणे हवा कशी बदलते, याचा हिशेब सोपा आहे. दर १,००० मीटर चढल्यावर साधारण साडेसहा अंश तापमान उतरते. तेजपूर जवळजवळ समुद्रसपाटीला आणि सेला ४,००० मीटरच्या वर. म्हणजे तेजपूरला २८ अंश असताना सेलावर एक-दोन अंश असू शकतात. अंगातला सदरा घामाने भिजलेला असतानाच माणूस स्वेटर शोधू लागतो.

सेलावर आम्ही उतरलो तेव्हा वरून जे पडत होते त्याला धड पाऊस म्हणता येत नव्हते आणि धड बर्फही म्हणता येत नव्हते. अंगावर पडले की विरघळायचे. पाच मिनिटांत माझे लोकरीचे हातमोजे जड झाले. मामा म्हणाले, "बघा, ही थंडी वाईट. पारा शून्याच्या खूप खाली गेला की बर्फ कोरडा असतो, झटकला की पडतो. शून्याच्या आसपासचा बर्फ अंगावर पाणी होतो. जवानाला छळतो तो हा ओला गारवा."

मामांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. हातमोज्यातली ऊब म्हणजे कापडाच्या धाग्यांत अडकलेली कोरडी हवा. त्या हवेच्या जागी पाणी शिरले की मोजा कितीही जाड असो, तो हाताची ऊब बाहेर ओढू लागतो. त्यातच शरीराचा एक स्वभाव आहे. थंडी वाजली की ते हृदय, फुप्फुसे, मेंदू यांना आधी सांभाळते आणि हातापायांकडे जाणारे रक्त कमी करते. म्हणून बोटे सर्वांत आधी बधिर होतात.

बधिर बोट आणि बंदूक ही जोडी धोक्याची आहे. चापावर किती दाब पडतो आहे, हे बधिर बोटाला कळत नाही. गोळी हवी तेव्हा सुटत नाही आणि नको तेव्हा सुटते. मोजे काढून उघड्या हाताने चालवावी म्हटले, तर गोठलेल्या लोखंडाला ओली कातडी चिकटते आणि सोलून निघते. म्हणून जवानाचा हातमोजा हा रायफलीइतकाच महत्त्वाचा. त्याला चैनीत मोजू नये.

१९६२ साली काय झाले

तवांगच्या वाटेवर हा धडा रक्ताने लिहिलेला आहे. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्याने नामका चू नदीवर हल्ला केला. तिथे आपली सातवी ब्रिगेड होती. ब्रिगेडियर जॉन दळवी तिचे प्रमुख होते. सैनिकांच्या अंगावर मैदानी मुलखातले सुती कपडे होते. थंडीचे कपडे, बूट, पांघरुणे, दारूगोळा, सगळ्याचीच वानवा होती. हुकूम मात्र दिल्लीहून वेळेवर येत होते. दळवी कैद झाले आणि सुटून आल्यावर त्यांनी या सगळ्याची हकिगत १९६९ साली पुस्तकरूपाने मांडली.

२३ ऑक्टोबरला बुम ला येथे पहिल्या शीख पलटणीचे सुभेदार जोगिंदर सिंग मूठभर जवानांनिशी लढले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. १७ नोव्हेंबरला नुरानांग येथे चौथ्या गढवाल रायफल्सचे जसवंत सिंग रावत यांनी प्राण दिला. त्यांना महावीर चक्र मिळाले. सेलाहून तवांगकडे उतरताना जसवंतगड लागतो. तिथे लष्करातर्फे येणाऱ्या-जाणाऱ्याला गरम चहा दिला जातो. तो पेला दोन्ही हातांत धरून आम्ही बराच वेळ गप्प उभे होतो.

इथे बाबासाहेबांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना त्यांनी चीनशी केलेल्या पंचशील कराराचा समाचार घेतला होता. पंचशील हा बुद्धाच्या धम्माचा भाग आहे, ज्याला त्याची चाड आहे तो आपल्या देशातल्या बौद्धांशी कसा वागतो ते पाहा, असा त्यांचा रोख होता. तिबेटचा प्रश्नही त्यांनी तेव्हाच पुढे आणला होता. आठ वर्षांनी काय घडले, ते तवांगच्या युद्धस्मारकावर वाचायला मिळते. हे स्मारक स्तूपाच्या आकाराचे असून ४० फूट उंच आहे. त्यावर या भागात कामी आलेल्या २,४२० जणांची नावे कोरलेली आहेत. आमच्यातल्या उपासिकांनी तिथे मेणबत्त्या लावल्या आणि सर्वांनी त्रिशरण-पंचशील म्हटले.

पंचशील आणि रायफल

पंचशील म्हणून झाल्यावर आमच्यातल्या एका तरुणाने विचारले, "पाणातिपाता वेरमणी म्हणायचे आणि रायफलीचे हातमोजे निवडायचे, हे जमते कसे?" प्रश्न रास्त आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी याचा विचार केला आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला. बुद्धाची अहिंसा त्यांनी ताठर नियम म्हणून मांडलेली नाही. तत्त्व म्हणून मांडलेली आहे. सीमेवरचा जवान कुणाच्या द्वेषाने उभा नसतो. त्याचा हात स्थिर असेल, बोटाला जाणीव असेल, तर घाबरून झाडलेली गोळी टळते. उबदार, कोरडा हात हा संयम पाळणारा हात असतो, हे मामांचे मत मला पटले.

आणि सैन्यातली आपली जागा आपल्याला फुकट मिळालेली नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची भरती थांबवली. पहिल्या महायुद्धात १९१७ साली गरजेपोटी १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ साली मोडून टाकली. पुढे बाबासाहेबांनी प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. आज त्या रेजिमेंटमध्ये अनेक प्रांतांचे, अनेक जातींचे जवान आहेत. भरतीचा हक्क भांडून मिळवला, तसाच सुरक्षित राहून नोकरी करण्याचा हक्कही जाणून घेतला पाहिजे.

तवांगच्या बाजारात

तवांगचा बाजार लहान आहे. एका दुकानात गोधड्या, छत्र्या, गमबूट, शेजारी लोकरीचे हातमोजे, चामड्याचे हातमोजे, रबरी हातमोजे, असे सगळे टांगलेले. आमच्यातल्या एका बाईंचा मुलगा नुकताच अग्निवीर म्हणून भरती झालेला. त्यांना त्याच्यासाठी जोड घ्यायचा होता. मामांनी दुकानातच शाळा भरवली. त्यांचे म्हणणे मी क्रमाने देतो.

पहिली गोष्ट कोरडेपणा, दुसरी ऊब, तिसरी बोटाची मोकळीक. हा क्रम उलटा करू नये. जाड पण भिजणारा मोजा पातळ पण कोरड्या मोज्यापुढे हरतो.

एकाच जाड जोडापेक्षा थरांचे मोजे चांगले. आत पातळ लोकरीचा मोजा, बोटांना घट्ट बसणारा. त्यावर मधला उबदार मोजा. पाऊस-बर्फ असेल तेव्हा सगळ्यांत वर पाणी न शिरणारे आवरण. नेम धरताना वरचे आवरण काढले तरी आतला पातळ मोजा हातावर राहतो आणि कातडी लोखंडाला लागत नाही. आतला मोजा सुती नसावा. सूत पाणी धरून ठेवते आणि लवकर वाळत नाही. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते.

पाटीवरची अक्षरे नीट वाचावीत. 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे शिंतोडे उडाले तर चालेल. तासभर पावसात उभे राहायचे तर 'वॉटरप्रूफ' लिहिलेले पाहिजे. चांगल्या वॉटरप्रूफ मोज्यात कापड आणि अस्तर यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. गोर-टेक्स हे अशाच पडद्याचे नाव. तो पावसाचे पाणी आत येऊ देत नाही, पण घामाची वाफ बाहेर सोडतो. हे दुसरे काम महत्त्वाचे आहे. साध्या रबरी मोज्यात बाहेरचे पाणी येत नाही, पण चढण चढताना सुटलेला घाम आतच साचतो. मग पहाऱ्यावर उभे राहिले की तोच घाम गार पडतो. मासळी बाजारात किंवा बर्फाच्या कारखान्यात घालतात तसले रबरी मोजे स्वस्त असतात. सामान उचलायला, गाडी धुवायला ते चालतील. रात्रभर पहारा द्यायला नाही.

अस्तर ओढून पाहावे. मोज्यातून हात काढताना अस्तर उलटून बाहेर आले तर तो जोड घेऊ नये. ओल्या हाताने असा मोजा पुन्हा घालता येत नाही, बोटे बोटांत जात नाहीत. अंधारात, घाईत हे फार महागात पडते.

दोन्ही हातांची कामे वेगळी आहेत, हेही ध्यानात ठेवावे. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा उजवा हात चापावर असतो, त्याला पातळ मोजा हवा. डावा हात गार रायफल पेलतो, त्याला जाड मोजा चालतो. डावखुऱ्याचे उलटे. तळव्याला बकऱ्याच्या मऊ चामड्यासारखे काही असावे, म्हणजे ओली रायफल सटकत नाही.

फार कडक थंडीसाठी एक वेगळा प्रकार असतो. त्यात अंगठा वेगळा, चापाचे बोट वेगळे आणि उरलेली तीन बोटे एकाच पिशवीत. बोटे एकमेकांना चिकटून असली की एकमेकांना ऊब देतात. कोरियाच्या युद्धाच्या काळात अमेरिकन सैन्याकडे असे मोजे होते. आपल्याकडे दुकानात मिळाले तर पाहण्यासारखे आहेत.

घरच्या घरी करायच्या परीक्षा

बाईंनी विचारले, "अहो मामा, मला रायफल कुठली? मी परीक्षा कशी करू?" मामांनी दुकानदाराचा चहाचा कप मागून घेतला. मोजा घालून कपाच्या कानात तर्जनी घातली. "हा कान म्हणजे चापाची कडी समजा. बोट आत गेले पाहिजे, हलले पाहिजे आणि न अडकता बाहेर आले पाहिजे." पहिला जोड कपाच्या कानात अडकला. तो बाजूला गेला.

दुसरी परीक्षा नाण्याची. जमिनीवर रुपयाचे नाणे ठेवा आणि मोजा घालून उचला. मग सदऱ्याचे एक बटण लावा. जमले तर त्या मोज्यात गोळ्या भरणे, चेन ओढणे ही कामे होतील.

तिसरी परीक्षा मापाची. शिवणकामाची टेप घेऊन अंगठा सोडून तळहाताचा घेर मोजा. जितके इंच, तितका मोज्याचा नंबर. आठ इंच घेर असेल तर आठ नंबर. आत पातळ मोजा घालायचा असल्यामुळे बाहेरचा एक नंबर मोठा घ्यावा. घट्ट मोजा कधी घेऊ नये. तो रक्त अडवतो आणि बोटे लवकर गार पडतात. मूठ आवळली तरी बोटांच्या टोकाशी थोडी जागा उरली पाहिजे. मुलगा दूर असेल तर हा घेर त्याला फोनवर विचारून घ्या. रंगही विचारा. लाल-पिवळे मोजे कितीही चांगले असले तरी पलटणीत चालणार नाहीत.

चौथी परीक्षा पाण्याची. ही दुकानात नाही, घरी करायची, म्हणून जोड बदलून मिळेल का ते आधी विचारून ठेवावे. बादलीत गार पाणी घ्या. मोजा घालून मनगटाच्या खालपर्यंत हात पाच मिनिटे पाण्यात ठेवा. मुठी उघडा-मिटा. मग हात बाहेर काढून पुसा आणि आत वर्तमानपत्राचा कपटा घालून पाहा. कपटा ओला झाला तर शिवणीतून पाणी येते.

शेवटी मनगट. आखूड मोजा नको. कोटाची बाही आणि मोजा यांच्यामध्ये उघडी कातडी राहता कामा नये. नेम धरताना हात वर असतो, पाणी कोपराकडे ओघळते. तेव्हा मोजा बाहीच्या वर पाहिजे. चालताना हात खाली असतो, पाणी बोटांकडे ओघळते. तेव्हा बाही मोज्याच्या वर पाहिजे. लांब मनगटाचा, दोरीने आवळता येणारा मोजा घेतला की दोन्ही जमते. लहान मुलांच्या मोज्यांना आपण दोरी लावून गळ्यात अडकवतो, तशी दोरी जवानानेही लावावी. वाऱ्यात उडालेला मोजा दरीतून परत येत नाही.

हे सगळे ऐकून बाईंनी एक वॉटरप्रूफ आवरण आणि पातळ लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड घेतले. एक हातात, दुसरा बनियनच्या आत, अंगाच्या उबेला. भिजलेला काढायचा, कोरडा घालायचा. एका महागड्या जोडापेक्षा ही पद्धत गरिबाला परवडते आणि जास्त उपयोगी पडते.

हात सांभाळण्याचे इतर नियम

हात गार पडतात याचे कारण पुष्कळदा छाती आणि डोके गार असते. कानटोपी, गळपट्टी आणि पोटात गरम अन्न असेल तर निम्मे काम होते. मोजे ओले झाले तर शेगडीवर किंवा बुखारीवर वाळवू नयेत. चामडे तडकते, पडदा वितळतो. अस्तर बाहेर काढता येत असेल तर काढून वाऱ्यावर वाळवावे.

थंडी घालवायला घोटभर घ्यावी, असा एक समज आहे. तो खोटा आहे. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, क्षणभर गरम वाटते आणि शरीराची ऊब बाहेर निघून जाते. बिडी-सिगारेटने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात. पंचशीलातले पाचवे शील आपण घरात पाळतो, ते बर्फात पाळले तर बोटेही वाचतात.

बोट पांढरे किंवा मेणासारखे दिसू लागले, टोचले तरी कळेनासे झाले, तर तो हिमदंश समजावा. बोट चोळू नये, बर्फ लावू नये, विस्तवाजवळ धरू नये. ओला मोजा काढून हात काखेत धरावा आणि लगेच डॉक्टर गाठावा. कोमट पाण्यात, म्हणजे ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात, बोट बुडवतात. पण पुन्हा गोठण्याची भीती असेल तर आधी वितळवू नये. वितळून पुन्हा गोठलेले बोट वाचणे कठीण असते.

विहार आणि मोनपांची टोपी

तवांगचा मठ १६८०-८१ साली मेराक लामा लोद्रे ग्यात्सो यांनी स्थापन केला. भारतातला हा सर्वांत मोठा बौद्ध मठ. जवळच्या उर्गेलिंग येथे १६८३ साली सहावे दलाई लामा जन्मले. सध्याचे चौदावे दलाई लामा ३१ मार्च १९५९ रोजी तिबेटातून याच बाजूने भारतात आले आणि काही दिवस तवांगला राहिले. इथली पूजेची रीत आपल्याहून वेगळी आहे. लोण्याचे दिवे, फिरती प्रार्थनाचक्रे, कर्णे आपल्या विहारात नसतात. पण बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणे तेच. आम्ही पालीत वंदना म्हटली तेव्हा एक लहान भिक्खू कुतूहलाने जवळ येऊन बसला.

तिथले रहिवासी मोनपा. त्यांच्या डोक्यावर याकच्या केसांची काळी टोपी असते आणि तिला चार-पाच शेपट्या लोंबत असतात. पहिल्यांदा पाहताना गंमत वाटते. मग पाऊस आला आणि उलगडा झाला. टोपीवरचे पाणी त्या शेपट्यांवरून ओघळून तोंडापासून दूर पडते. मामांनी बाजारात सांगितलेले तत्त्व मोनपांच्या वाडवडिलांनी केव्हाच टोपीत आणले होते. पाणी अंगाला लागू द्यायचे नाही, ते बाहेरच्या बाहेर वाहून न्यायचे.

तवांगहून बुम लाकडे जाताना एक तळे लागते. १९९७ च्या 'कोयला' चित्रपटाचे शूटिंग तिथे झाले. आपल्या माधुरी दीक्षित त्यात होत्या, म्हणून लोक त्याला माधुरी तलाव म्हणतात. आमच्यातल्या मुली फोटो काढायला धावल्या आणि दोन मिनिटांत बोटे चोळीत परतल्या. कॅमेऱ्याचे शूटिंग असो की बंदुकीचे, बोट तेच आणि थंडी तीच.

उघडे हात

या वाटेवर आणखी काही हात पाहिले. रस्ता दुरुस्त करणारे मजूर दगड फोडीत होते, डांबर पसरीत होते. त्यांत बायाही होत्या, पाठीला पोर बांधलेल्या. काहींच्या हातात फाटके सुती मोजे, काहींच्या हातात काहीच नाही. त्यांनी रस्ता केला म्हणून रसद पुढे जाते. मामा गाडीतून उतरले आणि बाजारात स्वतःसाठी घेतलेला रबरी जोड एका म्हाताऱ्या मजुराला देऊन आले. पण एका जोडाने काय होते?

आपल्या वस्त्यांतले सफाई कामगारही असेच उघड्या हातांनी गटारात उतरत आले आहेत. २०१३ च्या कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी त्यांना हातमोज्यांसह संरक्षक साधने देणे बंधनकारक केले आहे. ती देण्याची जबाबदारी काम सांगणाऱ्याची. १९६२ साली हुकूम देणाऱ्यांनी अंगावर कपडे आहेत का, हे विचारले नाही. हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारला गेला पाहिजे. विचारणारे आपण असलो पाहिजे.

तेव्हा ज्यांचा मुलगा थंड मुलखात आहे त्यांनी त्याला आजच दोन गोष्टी विचाराव्यात. सरकारी हातमोजे मिळाले का, आणि तळहाताचा घेर किती. मिळाले नसतील तर त्याने आपल्या वरिष्ठांकडे रीतसर मागावेत, तो त्याचा हक्क आहे. मिळाले असतील तर पातळ लोकरीचे दोन जोड आणि एक चांगले आवरण पाठवा. आणि ज्यांच्या घरातले कोणी महापालिकेत, कारखान्यात, रस्त्याच्या कामावर आहे त्यांनीही हातांची तशीच चौकशी करावी. तवांगला जाण्याचा योग आला तर जरूर जा. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर चांगला. जाताना एक जोड जास्त न्या, वाटेत तो कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सर्वांना सप्रेम जयभीम.